सोयरिकीची लेखणी : महिपतीबुवा ताहराबादकर

संतसज्जन वाचकहो, श्रावण वद्य द्वादशी ही महिपतीबुवा ताहराबादकरांची पुण्यतिथी. ज्यांच्या घरी चातुर्मासात पोथी लागते त्यांना बुवांचे नाव नवे नाही. भक्तविजय घरात असतो, देव्हाऱ्याशेजारी लाल फडक्यात बांधलेला असतो, वाचलाही जातो; पण तो लिहिणारा माणूस कोण, कुठला, त्याने हा उद्योग का मांडला, असे कोणी विचारले तर पुष्कळांची गाडी तिथे अडते. दुसऱ्यांची चरित्रे सांगण्यात ज्याचा जन्म गेला त्याचे असेच व्हायचे. पंगतीत वाढणाऱ्याकडे कोण पाहतो? जेवणाऱ्याचे लक्ष पानाकडे. म्हणून यंदा पुण्यतिथीच्या निमित्ताने वाढणाऱ्याची हकीकत सांगावी असे मनात आले.

दुसरेही एक कारण आहे, ते आधीच सांगून टाकतो. गेली चाळीस वर्षे मी कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव हिंडतो. दिंड्या पाहिल्या, फड पाहिले, सप्ताह करणारी मंडळे पाहिली, देवस्थानांच्या विश्वस्तांच्या बैठकाही पाहिल्या. जिथे जिथे माणसे एकत्र येऊन काही काम करतात तिथे तिथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. नियम चोख असतात, हिशेब चोख असतो, तरी पाचदहा वर्षांत मंडळ मोडते. आणि कुठे नियमाचा कागदसुद्धा नसतो, पण मंडळ तीन तीन पिढ्या टिकते. हे कसे होते? पुष्कळ दिवस मला याचे उत्तर सापडत नव्हते. ते सापडले महिपतीबुवांच्या चरित्रात. आणि सापडण्यापूर्वी मी स्वतः एक चूक करून बसलो होतो. तिची हकीकत ओघाने पुढे येईल.

असो. आता मूळ कथेकडे वळू.

पूर्वी ज्याला अहमदनगर जिल्हा म्हणत आणि २०२४ पासून ज्याचे नाव अहिल्यानगर झाले, त्या जिल्ह्यात राहुरी तालुक्यात ताहराबाद नावाचे गाव आहे. तेथे कांबळे उपनावाचे एक ऋग्वेदी देशस्थ ब्राह्मण घराणे होते. घराण्याकडे गावचे कुलकर्णपण आणि जोशीपण. दादोपंत हे घरातले कर्ते पुरुष, विठ्ठलाचे मोठे भक्त आणि वारकरी. त्यांच्या पोटी शके १६३७ मध्ये, म्हणजे सन १७१५ साली, महिपतींचा जन्म झाला. साताऱ्याच्या गादीवर तेव्हा शाहू महाराज होते आणि बाळाजी विश्वनाथांना पेशवाई मिळून दोनच वर्षे झाली होती. तुकोबारायांना वैकुंठाला जाऊन पासष्ट वर्षे लोटली होती. तुकोबांना डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता जवळजवळ संपत आली होती. वाचकहो, ही पासष्ट वर्षे ध्यानात ठेवा. कोणत्याही समुदायाच्या आयुष्यात हा काळ फार नाजूक असतो. ज्यांनी पाहिले ते निघून जातात, आणि जे मागे राहतात त्यांनी पाहिलेले नसते. अशा वेळी कोणी सांगणारा उभा राहिला नाही तर धागा तुटतो.

घरचे वळण वारकरी, त्यामुळे मुलाच्या कानावर लहानपणापासून टाळमृदंगाचा घोष पडला. वयात आल्यावर वडिलांचे काम मुलाकडे आले. आता कुलकर्ण्याचे काम म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगितले पाहिजे. गावात पाटील हा कर्ता आणि कुलकर्णी हा लिहिणारा. कोणाच्या शेताला किती आकार, कोणाकडून किती वसूल आला, कोणाची बाकी किती राहिली, बलुतेदारांचे हक्क काय, हे सारे कुलकर्ण्याच्या दप्तरात. गावातला प्रत्येक माणूस त्या दप्तरात होता; पण कसा? नाव, जमीन, जमा आणि बाकी, एवढाच. कुंभाराच्या नावापुढे त्याचा बलुत्याचा हक्क लिहिलेला असे, पण त्याच्या घरात काल रात्री काय घडले ते लिहायला जागा नव्हती. दोष कुलकर्ण्याचा नव्हे. वहीची रीतच तशी असते. राज्य चालवायचे तर वही लागते, ती नाकारून चालणार नाही. पण वहीतून माणूस मोजता येतो, ओळखता येत नाही.

महिपती हे काम नेकीने करीत होते. सकाळी स्नान, विठ्ठलाची पूजा आणि मग दप्तर, असा त्यांचा क्रम. अशात एक दिवस जो प्रसंग घडला तो त्यांच्याविषयी परंपरेने सांगत आले आहेत. महिपती देवपूजेला बसले होते. गावच्या जहागीरदाराच्या कचेरीतून शिपाई आला. तातडीचे काम आहे, लगेच चला, असा निरोप. महिपतींनी सांगितले की पूजा आटोपून येतो, थोडे थांब. शिपाई थांबायला तयार होईना. तो संतापला, नको ते बोलला, देवासमोर बसलेल्या माणसाला टाकून बोलला. महिपती उठले नाहीत आणि उलटून एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी पूजा सांग केली. मग कचेरीत गेले, जे काम होते ते नीट पुरे करून दिले आणि घरी आले. घरी आल्यावर कानावरचे बोरू काढून त्यांनी देवापुढे ठेवले आणि संकल्प केला, की यापुढे ही लेखणी सरकारी चाकरीत चालवणार नाही. चालली तर संतांचे गुण लिहिण्यासाठीच चालेल.

हा प्रसंग आम्ही कीर्तनकार पुष्कळ वेळा सांगतो. सांगताना शिपायाला दुष्ट करतो आणि महिपतींच्या निष्ठेची वाखाणणी करतो. मीही तसेच करीत होतो. पण अलीकडे हा प्रसंग सांगताना मला त्या शिपायाचीही आठवण येते. तोही कोणाचा तरी हुकमाचा ताबेदारच. कचेरीत त्याच्यावर कोण ओरडले होते, उशीर झाला तर त्याचे काय होणार होते, हे महिपतींना ठाऊक नव्हते. आणि देवघरात बसलेल्या या माणसाच्या मनात त्या घटकेला काय चालले आहे, हे शिपायाला ठाऊक नव्हते. दोघे एकाच कारभारातले. एकाच दौलतीचे मीठ खाणारे. कदाचित वर्षानुवर्षे एकमेकांना पाहणारे. पण एकाला दुसऱ्याची कथा ठाऊक नव्हती. म्हणून एक क्षुल्लक निमित्त झाले आणि नाते तुटले. शिव्या तोंडातून येतात खऱ्या, पण त्यांचे मूळ अनोळखीत असते.

महिपतींचा मोठेपणा असा, की तो अपमान त्यांनी उराशी धरून ठेवला नाही. शिपायावर फिर्याद केली नाही. त्यांनी आपला धंदाच पालटला. माणसे मोजण्याची लेखणी खाली ठेवली आणि माणसे ओळखून देण्याची उचलली. पुढे तुकोबारायांनी स्वप्नात येऊन संतचरित्रे लिहिण्याची आज्ञा केली, अशी परंपरा आहे; महिपती तुकोबांनाच सद्गुरू मानत. ज्यांना वैकुंठवासी होऊन इतकी वर्षे झाली त्यांना गुरू कसे करता येते, असे कोणी विचारील. येते, बरं का. ज्याची कथा मनात भिनली तो परका राहत नाही, मग मध्ये कितीही वर्षे असोत. महिपतींनी तुकोबांना कथेतूनच पाहिले, आणि कथेतूनच त्यांचा अनुग्रह घेतला.

आता लिहायचे ठरले, पण सामग्री कुठून आणायची? संत काही एका गावचे नव्हेत. ज्ञानेश्वर माउली आळंदीची, नामदेवराय पंढरीचे, गोरोबा तेरचे, सावतोबा अरणचे, एकनाथ महाराज पैठणचे. शिवाय कबीर काशीचे, नरसी मेहता जुनागडचे, मीराबाई राजस्थानच्या. बुवांनी दोन ग्रंथकारांचा आधार घेतला आणि तसे भक्तविजयाच्या आरंभी मोकळेपणाने सांगून टाकले. एक उत्तरेकडील नाभाजी, ज्यांनी हिंदीत भक्तमाल रचली. आणि दुसरे माणदेशातले उद्धवचिद्घन. दोघांचे मत एकत्र करून मी लिहितो, पदरचे काही घालीत नाही, असा त्यांचा भाव. आपल्या बुद्धीची प्रौढी त्यात कुठेच नाही. याशिवाय नामदेवरायांनी ज्ञानदेवादी भावंडांच्या चरित्राचे अभंग करून ठेवलेलेच होते. सन १२९६ मध्ये आळंदीला माउलींनी समाधी घेतली तेव्हा नामदेवराय जवळ होते. मित्र गेला, नामदेवांनी त्याची कथा सांगितली. आपल्या संप्रदायातल्या संतचरित्राचा उगम हा असा मैत्रीतून झाला आहे, हे विसरू नये.

सन १७५७ मध्ये संतलीलामृत पुरे झाले. बुवांचे वय तेव्हा बेचाळीस. त्यानंतर शके १६८४ मध्ये, म्हणजे सन १७६२ ला, भक्तविजय सिद्ध झाला. सत्तावन्न अध्याय आणि सुमारे दहा हजार ओव्या. सन १७६५ मध्ये कथासारामृत, सन १७७४ मध्ये भक्तलीलामृत. त्याचे अध्याय एक्कावन्न. शेवटचा संतविजय हा ग्रंथ सव्वीस अध्यायांवर अपुरा राहिला. या खेरीज व्रतकथा, माहात्म्ये, स्तोत्रे, अभंग आहेतच. पण भक्तविजय आणि भक्तलीलामृत हे दोन ग्रंथ महाराष्ट्राच्या घराघरांत गेले.

भक्तविजयाचे साल पुन्हा एकदा पाहा. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर संक्रांत कोसळली. महाराष्ट्रातल्या गावोगावचे पुरुष तेथे पडले. पुढच्या वर्षी हा ग्रंथ पुरा झाला. बुवांनी तो त्या दुःखासाठी लिहिला, असे मी म्हणणार नाही. काम आधीपासून चालू असणारच. पण कान कसे असतील याचा विचार करावा. ज्या घरातला कर्ता माणूस परत आला नाही, त्या घरी संध्याकाळी समईच्या उजेडात कोणी अध्याय लावला असेल. शेजारपाजारच्या बाया येऊन बसल्या असतील. कुटुंबाचे हाल झाले तरी न ढळलेल्या संतांची कथा निघाली असेल. ऐकता ऐकता एकीने आपल्या घरचे सांगितले असेल, दुसरीने आपल्या घरचे. पोथी ऐकणे म्हणजे नुसते पुण्य जोडणे नव्हे. पोथीभोवती माणसे बसतात, आणि पोथी मिटल्यावर लगेच उठत नाहीत. त्या न उठण्यात अर्धे फळ आहे.

आता बुवांच्या सांगण्याची रीत पाहू. कारण आपल्याला शिकायचे आहे ते तिथेच.

पहिली गोष्ट अशी, की त्यांनी सर्वांना एका पंगतीला बसवले. कुंभार, माळी, सोनार, न्हावी, शिंपी, वाणी, ब्राह्मण. काशीचे कबीर, श्रीगोंद्याचे शेख महंमद. जनाबाई, कान्होपात्रा, मीराबाई. त्या काळी माणसाने माणसाला जातीवरून आणि वतनावरून ओळखायचे. बुवांनी श्रोत्याला एक नवी ओळख दिली. पंढरीच्या वाटेवर एखादा कुंभार भेटला की गोरोबांच्या घरचा माणूस भेटला असे वाटावे. न्हावी भेटला की सेनामहाराज आठवावेत. दप्तरात जे बारा बलुतेदार म्हणून बारा रकान्यांत होते, ते कथेत एकमेकांचे सोयरे झाले. म्हणून मी बुवांच्या लेखणीला सोयरिकीची लेखणी म्हणतो.

दुसरी गोष्ट याहून मोलाची. बुवांनी थोरांची फजितीही सांगितली, झाकली नाही. गोरोबांच्या घरी संतमेळा जमला असता मडकी थापटण्याच्या थापटीने संतांची डोकी तपासण्याचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. त्यात नामदेवराय कच्चे ठरले. देवाशी बोलणारे नामदेव रागावले, रडले, देवाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले आणि शेवटी विसोबा खेचरांकडे जाऊन शिष्य झाले. ज्या संप्रदायाचे नामदेवराय आद्य प्रचारक, त्या संप्रदायाने त्यांची ही फजिती सातशे वर्षे भर कीर्तनात सांगितली आहे. दुसऱ्या एखाद्या संस्थेने ही हकीकत दडपून टाकली असती. पण विचार करा, नवखा टाळकरी ही कथा ऐकतो तेव्हा त्याला काय वाटते? त्याला वाटते, नामदेवही एकदा कच्चे होते, मग मी कच्चा आहे यात लाज कसली? इथे चुकलेल्याला जागा आहे, असे त्याला कळते. नुसत्या यशाच्या कथा सांगणाऱ्या मंडळात नवा माणूस दारातच बिचकतो. जिथे वडीलधारे आपली चूकही सांगतात तिथे तो आत येऊन बसतो.

तिसरी गोष्ट भाषेची. बुवांची ओवी सोपी, घरगुती. मी लहानपणी पाठशाळेत व्याकरण आणि काव्य शिकलो. तेव्हा पंडितांच्या अलंकारांपुढे ही ओवी मला भाबडी वाटे. आता पंचावन्न वर्षांनी उलट वाटते. शब्द जड असले की लोक बोलणाऱ्याकडे पाहतात. शब्द हलके असले की कथेतल्या माणसाकडे पाहतात. बुवांना आपल्याकडे कोणी पाहावे असे वाटतच नव्हते.

आता माझी चूक सांगतो. थोरांनी फजिती सांगावी असे लिहायचे आणि आपली झाकायची, हे बरे नव्हे.

मी ज्या लहानशा दिंडीबरोबर आळंदीहून पंढरीला चालतो, तिच्यात एक पखवाजवाले होते. हात असा, की बोल ऐकून पाय आपोआप उचलावेत. वीस वर्षे ते माझ्या कीर्तनात उभे राहिले. एका वर्षी सलग तीन मुक्कामांवर ते कीर्तनाला उशिरा आले. तिसऱ्या दिवशी माझा तोल गेला. सगळ्या मंडळींच्या देखत मी त्यांना बोललो. नियम सर्वांना सारखा, असेही वर ऐकवले. ते काही बोलले नाहीत. पखवाज गळ्यात घातला, आणि त्या रात्री कधी नव्हे इतके सुंदर वाजवले. पुढच्या वर्षी ते आमच्या दिंडीत आले नाहीत.

दोन वर्षांनी त्यांच्या गावच्या एका म्हाताऱ्या आजीकडून कारण कळले. त्या वर्षी त्यांचे वडील मागच्या एका दिंडीबरोबर चालत होते. वडिलांची दृष्टी अधू झाली होती. मुक्काम आला की हे उलट पावली मागे जात, त्यांना हाताला धरून आणत, भाकरी खाऊ घालून निजवत आणि मग धावत कीर्तनाला येत. ती वडिलांची शेवटची वारी ठरली. वीस वर्षे मला त्यांचा हात ठाऊक होता, घर ठाऊक नव्हते. मी कोण झालो? कचेरीतला तो शिपाई झालो. देवासमोर बसलेल्या माणसाला टाकून बोललो. आणि महिपतींचा तो प्रसंग तर मी दर वर्षी रंगवून सांगत होतो!

मी त्यांच्या गावी गेलो, पाय धरले. त्यांनी मोठ्या मनाने उठवले. आमच्या दिंडीत मात्र ते परत आले नाहीत. दुसरीकडे त्यांचा जम बसला होता, तो त्यांनी मोडावा असे मीही म्हटले नाही. पण दर वर्षी वाखरीला, जिथे सगळ्या पालख्या एकत्र येतात, तिथे आम्ही शोधून एकमेकांना भेटतो. तेव्हापासून आमच्या दिंडीत एक रिवाज पडला आहे. रोज रात्री जेवणे झाली की एका माणसाने, फक्त एकाने, आपली हकीकत सांगायची. वारीला पहिल्यांदा का आलो, घरी कोण आहे, काय चुकले, काय मिळाले. बाकीच्यांनी ऐकायचे, मध्ये उपदेश करायचा नाही. हा शेवटचा नियम माझ्यासाठी केला आहे, असे मंडळी हसून म्हणतात. ते खरे आहे. या रिवाजाने आमच्यातली भांडणे संपली असे मी म्हणणार नाही. पाण्याच्या टाकीवरून आणि तंबूतल्या जागेवरून अजूनही शब्दाला शब्द लागतो. पण दिंडी सोडून कोणी जात नाही.

इथे बुवांच्या चरित्राच्या निमित्ताने दोन शंका येतात, त्यांना बगल देणे बरोबर नाही.

पहिली शंका विद्वानांची. बुवांच्या ग्रंथात वेगवेगळ्या काळचे संत एकमेकांना भेटतात. नामदेवराय आणि कबीर यांच्यात शतकभराचे अंतर असूनही ते एकत्र येतात. चमत्कार तर पानोपानी. मग याला चरित्र कसे म्हणावे? माझे म्हणणे असे, की सनावळीसाठी इतिहासकारांकडेच जावे, आणि त्यांनी दाखवलेली चूक निमूटपणे मान्य करावी. बुवा बखरनीस नव्हते. दोन संत एका काळी झाले की नाही हे त्यांनी पाहिले नाही. एकाच्या कथेने दुसऱ्याची कथा समजते की नाही हे पाहिले. मात्र आपण जिवंत माणसांच्या हकीकती सांगतो तेव्हा ही सवलत आपल्याला नाही. शेजाऱ्याची गोष्ट पदरचे घालून सांगितली तर तिला कथा म्हणत नाहीत, चहाडी म्हणतात.

दुसरी शंका अधिक जड आहे, आणि ती मला स्वतःला टोचते. चोखोबांची कथा बुवांनी प्रेमाने सांगितली. शेकडो वर्षे आम्ही कीर्तनकारांनी ती सांगितली, श्रोत्यांनी डोळे पुसले. चोखोबा सन १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना ते अंगावर कोसळून गेले. त्यांची समाधी पंढरीच्या महाद्वारासमोर आहे. समोर, पण बाहेर. आणि चोखोबांच्या लेकरांना त्या दारातून आत जाण्यासाठी सन १९४७ उजाडावे लागले. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर हिंडून लोकांची मने वळवली, त्या वर्षीच्या मे महिन्यात पंढरपुरात प्राणांतिक उपोषण मांडले, तेव्हा दार उघडले. मग इतकी वर्षे आमची कथा काय करीत होती?

याचे उत्तर मी असे देतो. आम्ही चोखोबांची कथा सांगत होतो, पण चोखोबांच्या वाड्यातल्या माणसाला त्याची कथा विचारत नव्हतो. गेलेल्याची गोष्ट सांगून डोळे पुसणे सोपे असते. समोर बसलेल्याची गोष्ट ऐकणे अवघड, कारण ऐकल्यावर काहीतरी करावे लागते. कथा देणे आणि कथा घेणे अशी तिची दोन अंगे आहेत. नुसती एकाच बाजूने वाहिली तर ती करमणूक होते. दोन्ही बाजूंनी वाहिली तरच सोयरीक होते. पण यात बुवांच्या कथेला दोष देऊ नये. चारशेहून अधिक वर्षे मागे गेलेल्या चोखोबांचे नाव त्यांनी पुन्हा घराघरांत नेले. ज्या समाजाला ती कथा ठाऊक होती, त्याला आपल्या वागण्याची लाज वाटण्याची सोय होती. साने गुरुजी गावोगाव बोलायला उभे राहिले तेव्हा चोखोबा कोण हे कोणाला समजावून द्यावे लागले नाही. बी पेरलेले होते. राखण आम्ही केली नाही.

बुवांची कथा परक्यालाही कशी आपलीशी करते, याचा एक दाखला देऊन चरित्र आटोपतो. जस्टिन अ‍ॅबट नावाचे एक अमेरिकन मिशनरी महाराष्ट्रात राहून गेले. धर्म वेगळा, देश वेगळा. त्यांनी उतारवयात महिपतीबुवांची संतचरित्रे इंग्रजीत आणण्याचे काम हाती घेतले. भानुदास १९२६ मध्ये निघाले, एकनाथ १९२७ मध्ये, तुकाराम १९३० मध्ये. भक्तविजयाच्या कामात पंडित नरहर गोडबोले त्यांच्या जोडीला होते. १९३२ मध्ये अ‍ॅबट वारले, आणि भक्तविजयाचे भाषांतर त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले. ताहराबादच्या कुलकर्ण्याची ओवी सातासमुद्रापलीकडच्या माणसाला आयुष्याच्या अखेरपर्यंत सोडवली नाही.

महिपतीबुवा संसारी होते. पत्नी, मुले, घरदार सारे होते. कुलकर्ण्याची लेखणी ठेवल्यावर श्रीमंती आली असे कोणी सांगत नाही. पंढरीची वारी, कीर्तन आणि लेखन यांत दिवस गेले. शके १७१२ मध्ये, सन १७९० ला, श्रावण वद्य द्वादशीला त्यांनी देह ठेवला. वय पंचाहत्तर. संतविजय अपुराच राहिला होता. मला ते अपुरेपण बरे वाटते. संतांची कथा कोणा एकाच्या हातून पुरी व्हायची नसते. पुढच्याने ती उचलायची असते.

तेव्हा वाचकहो, यंदा पुण्यतिथीला भक्तविजयाचा एक अध्याय अवश्य लावा. शेजाऱ्यांना बोलवा. अध्याय संपला, आरती झाली, प्रसाद वाटला की लगेच पोथी बांधून उठू नका. घटकाभर बसा. ज्याच्याशी आपण वीस वर्षे एका मंडळात काम करतो आणि ज्याच्या घरचे आपल्याला काहीच ठाऊक नाही, असा एक तरी माणूस त्या बैठकीत असेल. त्याला विचारा, आणि तो बोलू लागला की आपण गप्प राहा. बुवांची पुण्यतिथी तशी साजरी झाली, तर त्यांनी खाली ठेवलेल्या लेखणीचे सार्थक झाले असे समजावे.

पुंडलिकवरदा हरि विठ्ठल!